केस पेपरचे शास्त्र: जैववैद्यकीय माहितीशास्त्राचे विद्यापीठीय केंद्र

विषयाची व्याप्ती

आरोग्य, आजार आणि सजीवांची घडण यांविषयीची माहिती कशी नोंदवावी, कोणत्या रूपात साठवावी, तिच्यावरून अनुमान कसे काढावे आणि ते अनुमान रुग्णाच्या खाटेपर्यंत कसे पोचवावे, याच्या पद्धतशीर अभ्यासाला जैववैद्यकीय माहितीशास्त्र म्हणतात. या शास्त्राचा पसारा चार पातळ्यांवर आहे. पहिली पातळी रेणूंची: डीएनए आणि प्रथिने यांचे क्रम व रचना. दुसरी पेशी आणि अवयवांची. एक्स-रे, सीटी, एमआरआय आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या प्रतिमा तिच्यात येतात. तिसरी एकेका रुग्णाची: तक्रारी, तपासण्या, निदान, औषधे. चौथी समाजाची: साथी, लसीकरण, जन्ममृत्यूच्या आणि कर्करोगाच्या नोंदवह्या. रेणूंच्या पातळीवरचे काम जैवमाहितीशास्त्र या नावाने आणि रुग्णाच्या पातळीवरचे काम वैद्यकीय माहितीशास्त्र या नावाने बराच काळ वेगवेगळे वाढले. मानवी जनुकसंचाचा प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाला आणि ही फारकत चालेनाशी झाली. एखाद्या जनुकातील बदलाचा अर्थ लावायचा, तर तो ज्याच्यात सापडला त्या माणसाचा आजारही ठाऊक असावा लागतो. ‘वैद्यकीय’च्या आधी ‘जैव’ जोडले गेले ते या गरजेपोटी.

अशा विषयाला विद्यापीठाच्या रूढ रचनेत सरळ घर सापडत नाही. संख्याशास्त्र विभागाकडे पद्धती असतात, रुग्ण नसतात. वैद्यकीय महाविद्यालयाकडे रुग्ण असतात, पण ओपीडीच्या गर्दीत पद्धतीचा विचार करायला उसंत नसते. संगणक विभागाला प्रोग्रॅम लिहिता येतो. पण केस पेपरवर ‘एनएडी’ अशी तीन अक्षरे असली, तर तपासणीत खरोखरच काही आढळले नाही की घाईत तपासणीच राहून गेली, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. या तिन्ही बाजूंची माणसे एका टेबलाशी बसवणे, आणि अनुदान संपले म्हणून ती उठून जाणार नाहीत अशी व्यवस्था करणे, यासाठी स्वतंत्र केंद्र लागते.

या क्षेत्रातील जुन्या केंद्रांचा इतिहास पाहिला तर त्यांची सुरुवात यंत्रखरेदीने झालेली दिसत नाही. प्रत्येकाच्या मुळाशी एक हट्टी प्रश्न आहे. केंद्र पुढे टिकले ते मात्र चार गोष्टींवर: चालू रुग्णालयातील नोंद, सर्वांनी मान्य केलेले शब्द, दोन शास्त्रे अंगवळणी पडलेली माणसे आणि रुग्णांचा विश्वास.

निदानाचे गणित

१९५९ मध्ये ‘सायन्स’ या अमेरिकी नियतकालिकात रॉबर्ट लेडली आणि ली लस्टेड यांचा वैद्यकीय निदानामागच्या तर्कावरचा लेख आला. लेडली दंतवैद्यकाची पदवी घेऊन भौतिकशास्त्राकडे वळलेले, तर लस्टेड रेडिओलॉजिस्ट. अनुभवी डॉक्टर लक्षणांवरून आजारापर्यंत कसा पोचतो, हे तर्कशास्त्र आणि संभाव्यता यांच्या भाषेत मांडता येते, असे त्यांनी दाखवले. दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीचे हृदयरोगतज्ज्ञ होमर वॉर्नर यांनी ही मांडणी जन्मजात हृदयविकारांच्या खऱ्या रुग्णांवर वापरून पाहिली. अमुक चिन्हे एकत्र दिसली तर तमुक विकाराची शक्यता किती, हे बेझच्या सूत्राने काढता येते; मात्र त्यासाठी आधीच्या रुग्णांच्या नीट भरलेल्या नोंदी हाताशी लागतात. गणित छोटे आणि नोंदी मोलाच्या, हा या शास्त्राचा पहिला धडा इथे मिळाला.

वॉर्नर यांनी पुढे शहरातील एलडीएस रुग्णालयात ‘हेल्प’ ही संगणकप्रणाली उभारली. ती रुग्णाची माहिती साठवत असे, आणि धोक्याचा मेळ दिसला की स्वतःहून इशाराही देत असे. वॉर्नर यांचा युटा विद्यापीठातील विभाग आणि ही रुग्णालयातील प्रणाली एकाच माणसांच्या हातून वाढत गेली. विद्यार्थ्यांना सिद्धांत शिकवणारेच शिक्षक संध्याकाळी वॉर्डातून आलेली तक्रार ऐकत. असा जोड पुढे ज्या ज्या विद्यापीठाला साधला, तिथे केंद्राने मूळ धरले.

इंडियानापोलिस: पस्तीस रुग्णांची नोंद

नोंदीच्या बाजूने सुरू झालेल्या केंद्राचे ठळक उदाहरण इंडियाना राज्यातील इंडियानापोलिस येथील रेगेनस्ट्रीफ संस्थेचे आहे. सॅम रेगेनस्ट्रीफ हे भांडी धुण्याची यंत्रे बनवणारे उद्योगपती. कारखान्यात वापरली जाणारी कामाच्या आखणीची शिस्त रुग्णालयात का चालू नये, या विचाराने त्यांनी दिलेल्या पैशातून १९६९ मध्ये ही संस्था इंडियाना विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला जोडून निघाली. क्लेमेंट मॅक्डॉनल्ड या तरुण डॉक्टरांनी १९७२ मध्ये तिथे संगणकीय रुग्णनोंद सुरू केली, ती मधुमेहाच्या अवघ्या ३५ रुग्णांपासून.

मॅक्डॉनल्ड यांचा प्रश्न साधा होता. डॉक्टरला जे करायला हवे ते ठाऊक असते, तरीही ते का राहून जाते? त्यांनी काही भेटींच्या वेळी संगणकाने काढलेली आठवणीची चिठ्ठी केस पेपरला जोडली आणि काही भेटींच्या वेळी जोडली नाही. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, चिठ्ठी असताना डॉक्टरांनी ५१ टक्के प्रसंगी अपेक्षित कृती केली. चिठ्ठी नसताना हे प्रमाण २२ टक्के होते. डॉक्टर बदलले नव्हते, त्यांचे ज्ञानही वाढले नव्हते. चूक होते ती अज्ञानामुळे किंवा हयगयीमुळे नव्हे, तर माणसाचे लक्ष एका वेळी मोजक्याच गोष्टी सांभाळू शकते म्हणून, असा अर्थ मॅक्डॉनल्ड यांनी यातून काढला.

त्याच संस्थेत १९९४ मध्ये ‘लॉइंक’ या संकेतावलीचे काम सुरू झाले. उपाशीपोटी रक्तातील साखर ही एकच तपासणी एका प्रयोगशाळेत एका नावाने, दुसरीत दुसऱ्या नावाने आणि तिसरीत नुसत्या अंतर्गत क्रमांकाने नोंदली जाते. प्रत्येक तपासणीला एक समान संकेत मिळाला की दोन रुग्णालयांचे निकाल शेजारी ठेवून वाचता येतात. दिसायला हे कारकुनी काम आहे, पण आज अनेक देशांच्या आरोग्यप्रणाली त्याच्यावर चालतात. याच संस्थेचा सहभाग असलेली ‘ओपनएमआरएस’ ही खुली रुग्णनोंद प्रणाली २००४ मध्ये, केनियातील ग्रामीण आरोग्यकेंद्राच्या अनुभवातून आकाराला आली. तिच्या पायावर भारतात ‘बाह्मनी’ ही प्रणाली तयार झाली, आणि तिचा आरंभ छत्तीसगडमधील गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयातील गरजांपासून झाला. पस्तीस रुग्णांच्या वहीचा प्रवास असा बिलासपूरजवळच्या खेड्यापर्यंत आला.

स्टॅनफर्ड: आधी तर्क, मग नोंद

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरुवात उलट टोकाकडून झाली. १९५८ चे नोबेल मिळालेले जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांना परग्रहावरील जीवसृष्टीच्या शोधात रस होता. मंगळावर पाठवलेल्या उपकरणाने एखाद्या अज्ञात रेणूचे तुकडे मोजले, तर त्या आकड्यांवरून मूळ रेणूची रचना यंत्रालाच ओळखता येईल का, हा त्यांचा प्रश्न. संगणकशास्त्रज्ञ एडवर्ड फायगेनबॉम यांच्याबरोबर १९६५ मध्ये सुरू झालेला ‘डेंड्रल’ प्रकल्प यातून जन्मला. ब्रूस ब्युकॅनन आणि रसायनशास्त्रज्ञ कार्ल जेरासी त्यात सामील झाले. तज्ज्ञाची हातोटी नियमांच्या रूपात लिहून काढता येते, हे या प्रकल्पाने दाखवले.

हाच विचार एडवर्ड शॉर्टलिफ या वैद्यकीय विद्यार्थ्याने १९७० च्या दशकात जंतुसंसर्गाच्या उपचाराला लावला. त्याच्या ‘मायसिन’ या प्रणालीत ‘या अटी पुऱ्या झाल्या तर हा निष्कर्ष’ अशा धर्तीचे सुमारे ५०० नियम होते. प्रणाली एखादा प्रश्न विचारी, तेव्हा डॉक्टरला ‘हे का विचारता?’ असे उलट विचारता येई आणि ती आपला नियम दाखवी. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात मेनिंजायटिसच्या दहा रुग्णांसाठी मायसिनने आणि वेगवेगळ्या डॉक्टरांनी सुचवलेले उपचार, कोणता कोणाचा हे न सांगता, बाहेरच्या आठ तज्ज्ञांपुढे ठेवले गेले. मायसिनचे उपचार ६५ टक्के प्रसंगी स्वीकारार्ह ठरले. स्टॅनफर्डमधील पाच तज्ज्ञ अध्यापकांची टक्केवारी ४२.५ ते ६२.५ यांच्या दरम्यान होती.

असे असूनही मायसिन प्रत्यक्ष रुग्णसेवेत कधीच वापरले गेले नाही. रुग्णालयाच्या नोंदी संगणकावर नव्हत्या, त्यामुळे प्रत्येक रुग्णाची सगळी माहिती डॉक्टरने टर्मिनलपाशी बसून टंकावी लागे. वॉर्डात तेवढा वेळ कोणाकडे नव्हता. इंडियानापोलिसकडे जे होते, नेमके तेच इथे नव्हते. शॉर्टलिफ निवासी डॉक्टरचे प्रशिक्षण पुरे करून १९७९ मध्ये स्टॅनफर्डमध्ये अध्यापक म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांनी हा धडा घेतला होता. कर्करोगाच्या केमोथेरपीसाठी बनवलेल्या ‘ऑन्कोसिन’ या पुढच्या प्रणालीत डॉक्टर रोज हाताने भरत असलेल्या तक्त्यासारखाच तक्ता पडद्यावर दिसे. तो भरणे हेच रोजचे काम, आणि सल्ला त्यातूनच आपोआप निघे.

संस्था म्हणून स्टॅनफर्डला आकार आला तो १९७३ च्या ‘सुमेक्स’ या व्यवस्थेमुळे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पैशातून वैद्यकीय कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी घेतलेला तो सामायिक संगणक होता, आणि त्याच्या क्षमतेचा मोठा भाग बाहेरच्या विद्यापीठांसाठी राखून ठेवलेला असे. रट्गर्समधील काचबिंदूवरचे आणि पिट्सबर्गमधील अंतर्गत वैद्यकावरचे संशोधक आर्पानेटसारख्या संगणकजाळ्यांतून तिथे काम करीत आणि एकमेकांचे प्रोग्रॅम वापरून पाहत. एका विद्यापीठाच्या यंत्राभोवती देशभरातील अभ्यासकांचा गोतावळा जमला. १९८२ पासून स्वतंत्र पदव्युत्तर आणि डॉक्टरेटचा अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे मार्क म्युझन यांच्या गटाने ‘प्रोटेजे’ हे ज्ञानाची मांडणी करण्याचे साधन जगाला विनामूल्य दिले. जैववैद्यकीय माहितीशास्त्र संशोधन केंद्र हे नाव बऱ्याच नंतरचे. नावाच्या आधी प्रश्न, साधने आणि विद्यार्थी तयार होते.

पुणे: रेणूंची बाजू

भारतात या विषयाची विद्यापीठीय सुरुवात रेणूंच्या पातळीवरून झाली. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग १९८६ मध्ये निघाला, आणि जैविक माहितीची केंद्रे देशभर जोडण्याची योजना त्याने लगेच हाती घेतली. या योजनेतून १९८७ मध्ये पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्र केंद्र सुरू झाले. अशोक कोळसकर त्याचे पहिले संचालक; पुढे ते याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. वेब अजून जन्माला आले नव्हते. जनुकक्रमांच्या ‘जेनबँक’ या आंतरराष्ट्रीय साठ्याच्या प्रती त्या काळी चुंबकीय फितींवरून वाटल्या जात.

या केंद्राने विषाणू हा विषय धरला. शहरात राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ पासून काम करीत होतीच. प्रथिनाचा कोणता भाग शरीराची प्रतिकारयंत्रणा ओळखेल, हे अमिनो आम्लांच्या क्रमावरून वर्तवण्याची कोळसकर आणि तोंगावकर यांची पद्धत १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. तिची अचूकता सुमारे ७५ टक्के होती. लसनिर्मितीच्या प्राथमिक अभ्यासात ती आजही जगभर वापरली जाते. १९९९ मध्ये कोळसकर आणि ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी जपानी मेंदूज्वराच्या विषाणूच्या आवरणातील प्रथिनाची त्रिमितीय रचना संगणकाने वर्तवली. पदविका आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांतून बाहेर पडलेले विद्यार्थी पुढे देशातील आणि परदेशातील प्रयोगशाळांत गेले.

पुण्याच्या केंद्राने रेणूंची बाजू समर्थपणे सांभाळली. रुग्णाची बाजू मात्र त्याच्या आवाराबाहेर राहिली, आणि त्याचे कारण विद्यापीठांच्या रचनेत आहे. त्याचा विचार शेवटी येईल.

शब्दांचे काम

मराठी रुग्ण दुखण्याचे वर्णन बारकाईने करतो. पोटात कळ येते, दाढ ठणकते, कंबरेत चमक निघते, पोटऱ्यांत गोळे येतात, छातीत जळजळते, अंग मोडून येते. कळ लाटेसारखी चढते आणि उतरते. ठणका नाडीच्या ठेक्यावर चालतो. चमक क्षणात येऊन जाते. या भेदांत निदानाची खूण असते. केस पेपरवर मात्र सगळ्यांचे मिळून एकच ‘पेन’ होते. पुढे हजारो नोंदींवर कितीही प्रगत पद्धत वापरली, तरी लिहितानाच गाळले गेलेले त्यातून परत मिळत नाही.

म्हणून शब्दांची व्यवस्था हे केंद्राचे मूलभूत संशोधन आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने डोनाल्ड लिंडबर्ग यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये वैद्यकातील वेगवेगळ्या संज्ञासंग्रहांना एकत्र गुंफण्याचा प्रकल्प हाती घेतला. ‘स्नोमेड सीटी’ या आंतरराष्ट्रीय संज्ञावलीचा भारत २०१४ मध्ये सदस्य झाला. इलेक्ट्रॉनिक रुग्णनोंदीची राष्ट्रीय मानके २०१३ मध्ये ठरली आणि २०१६ मध्ये सुधारली गेली. त्यांच्या अंमलबजावणीला साहाय्य करणारे राष्ट्रीय केंद्र पुण्यातील सी-डॅकमध्ये आहे. या संज्ञावलींतील संकल्पनांना मराठी बोलीतील शब्दांची जोड देणे, वऱ्हाडी, अहिराणी आणि मालवणीतील तक्रारींचे शब्द गोळा करणे, हे काम महाराष्ट्रातील केंद्राखेरीज दुसरे कोणी करण्याचा संभव कमी. त्यासाठी भाषाशास्त्रज्ञही डॉक्टरइतकाच लागतो.

नोंद जुळवण्याचा प्रश्न असाच स्थानिक आहे. एकाच माणसाच्या दोन रुग्णालयांतील नोंदी ओळखायच्या तर नाव, लिंग आणि जन्मतारीख यांचा आधार घेतात. महाराष्ट्रात शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहीत. त्यामुळे मागच्या पिढ्यांतील असंख्य लोकांचा वाढदिवस कागदोपत्री एकाच दिवशी येतो, आणि परदेशात तयार झालेले जुळणीचे सूत्र ज्या खुणेवर सर्वांत जास्त भिस्त ठेवते तीच इथे कच्ची निघते. लग्नानंतर बदललेले नाव आणि आडनावाचे रोमन लिपीतील तीन-चार प्रकार यांनी गुंता आणखी वाढतो.

नोंद शिस्तीने ठेवण्याची परंपरा राज्यात आहे. मुंबईची कर्करोग नोंदवही १९६३ पासूनची. लोकसंख्येवर आधारलेली ती देशातील पहिली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची १९८७ ची नोंदवही ग्रामीण भागातील पहिली. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता तिचे कार्यकर्ते गावोगाव जात राहिले. माहितीशास्त्राच्या केंद्राला लागणारी चिकाटी अशा नोंदवह्यांकडून शिकता येते.

विश्वासाची तजवीज

नाव आणि पत्ता काढून टाकला की नोंद निनावी झाली, ही समजूत १९९० च्या दशकात मोडली. मॅसॅच्युसेट्समधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या विम्याची ‘निनावी’ माहिती संशोधकांना दिली गेली होती. लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदार यादी वीस डॉलरला विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड ताडून पाहिले आणि खुद्द राज्याच्या गव्हर्नरची वैद्यकीय नोंद ओळखून दाखवली. जनुकीय माहितीच्या बाबतीत धोका याहून मोठा, कारण तिच्यातून नातेवाइकांविषयीही कळते.

भारतात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. त्याच वर्षी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची जैववैद्यकीय संशोधनासाठीची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आली. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. कायदा हद्द आखतो. तिच्या आतली व्यवस्था केंद्राला स्वतः बसवावी लागते. ओळख काढून टाकण्याचे काम संशोधनात भाग न घेणाऱ्या स्वतंत्र गटाकडे असावे. माहिती संशोधकाच्या लॅपटॉपवर जाऊ नये. संशोधकाने सुरक्षित यंत्रावर येऊन काम करावे. कोणी, केव्हा, काय पाहिले याची नोंद राहावी. अनेक रुग्णालयांचा अभ्यास असेल तर माहिती एका जागी न आणता प्रश्नच प्रत्येक रुग्णालयाकडे पाठवावा आणि फक्त एकत्रित उत्तर परत यावे. हार्वर्डशी संबंधित रुग्णालयांत २००४ पासून विकसित झालेल्या ‘आयटूबीटू’ प्रणालीभोवती अशीच पद्धत वाढली.

संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत असावे, एवढे पुरत नाही. ‘तुमची माहिती संशोधनासाठी वापरली जाईल’ या वाक्यावर अंगठा उमटवणाऱ्याला कोणती माहिती, कोण वापरणार आणि नको म्हटले तर उपचारांत फरक पडेल का, हे तोंडी समजले पाहिजे. माहितीच्या वापराला मान्यता देणाऱ्या समितीवर रुग्णांचे प्रतिनिधी असावेत. एकदा विश्वास गेला की लोक नोंद देणे थांबवतात, किंवा खोटी देतात. दुसरी गोष्ट अधिक वाईट.

माणसे आणि पदे

केंद्राला लागणारी माणसे तयार मिळत नाहीत. आठवड्याचे काही दिवस रुग्ण तपासणारा आणि उरलेले दिवस संशोधन करणारा डॉक्टर, संख्याशास्त्रज्ञ, संगणकशास्त्रज्ञ, रेणवीय जीवशास्त्रज्ञ, साठा सांभाळणारा डेटा व्यवस्थापक, संज्ञातज्ज्ञ आणि नीतिशास्त्राचा जाणकार असा मेळ बसावा लागतो. जर्मनीत हायडेलबर्ग आणि हाइलब्रॉन येथे वैद्यकीय माहितीशास्त्राचा संयुक्त पदवी अभ्यासक्रम १९७२ मध्येच सुरू झाला. अमेरिकेत नैदानिक माहितीशास्त्राला वैद्यकाची उपशाखा म्हणून मान्यता मिळून २०१३ मध्ये पहिली परीक्षा झाली. तोपर्यंत या कामात पडणारा डॉक्टर मूळ शाखेत मागे पडत असे.

भारतीय विद्यापीठांत अडचण पदांची असते. अनुदानाच्या प्रकल्पांवर नेमलेली माणसे तीन किंवा पाच वर्षांनी जातात, आणि त्यांच्याबरोबर साठ्याची जाणही जाते. कोणता रकाना केव्हा बदलला आणि कोणत्या महिन्यात प्रयोगशाळेचे यंत्र बिघडले होते, हे कागदावर फारसे उतरत नाही. म्हणून डेटा व्यवस्थापक आणि सॉफ्टवेअर अभियंता ही पदे कायम असणे हे एखाद्या प्राध्यापकपदाइतकेच निकडीचे आहे. बढतीच्या निकषांत शोधनिबंधांबरोबर चालू प्रणाली, खुला साठा आणि मानकांवरचे काम मोजले गेले, तरच चांगली माणसे तिथे राहतील.

मूल्यमापन

रुग्णावर परिणाम करणाऱ्या प्रत्येक प्रणालीची औषधासारखीच परीक्षा व्हावी लागते. मायसिनच्या वेळी सल्ला कोणाचा हे झाकून ठेवले होते. मॅक्डॉनल्ड यांनी चिठ्ठीसह आणि चिठ्ठीविना अशी तुलना केली होती. दोन्ही उदाहरणे सुमारे पन्नास वर्षांपूर्वीची असूनही आजच्या बऱ्याच दाव्यांपेक्षा कसोटीला जास्त उतरतात.

परीक्षा न झाल्यास काय होते, ते २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसते. अमेरिकेत कोणत्या रुग्णाला जादा देखभाल द्यावी हे ठरवणारे एक सूत्र आजाराच्या तीव्रतेऐवजी आधीच्या वैद्यकीय खर्चावर बेतलेले होते. कृष्णवर्णीय रुग्णांवर खर्चच कमी होत असल्यामुळे सूत्राने त्यांना कमी आजारी धरले. ही चूक सुधारली तर जादा देखभालीस पात्र ठरणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे अभ्यासात आढळले. आकडेमोडीत दोष नव्हता. मोजायला निवडलेली गोष्ट चुकीची होती. गरीब माणूस दवाखान्यात उशिरा आणि नाइलाजाने जातो, अशा कोणत्याही समाजात ही चूक होण्याचा धोका आहे. ती पकडण्यासाठी विक्रेता आणि रुग्णालय या दोघांपासून स्वतंत्र असलेली जागा लागते, आणि विद्यापीठाच्या केंद्राला ती भूमिका घेता येते.

महाराष्ट्रातील रचना आणि कामाचा क्रम

राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये पूर्वी त्या त्या विभागाच्या पारंपरिक विद्यापीठांना संलग्न होती. १९९८ मध्ये नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि ती त्याच्याकडे गेली. वैद्यकीय शिक्षणाच्या सोयीसाठी झालेल्या या बदलाने माहितीशास्त्रापुढे एक दरी उभी राहिली. संख्याशास्त्र, संगणक आणि जीवशास्त्र एका विद्यापीठात. रुग्ण आणि केस पेपर दुसऱ्या. दोन्हींचे अभ्यास मंडळ, विद्या परिषद आणि परीक्षा वेगळ्या. मुंबईच्या आयआयटीत २०२१ मध्ये डिजिटल आरोग्यासाठी कोईटा केंद्र सुरू झाले. अशा तंत्रसंस्थांचेही स्वतःचे रुग्णालय नसते, त्यामुळे रुग्णालयांशी करार हाच त्यांचा मार्ग.

म्हणून महाराष्ट्रात असे केंद्र आरंभापासून दोन विद्यापीठांचे संयुक्त असणे सयुक्तिक ठरते. कराराच्या कागदावर तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: माहितीची जबाबदारी कोणाची, डॉक्टरांचा राखीव वेळ कोणाच्या पगारातून, आणि विद्यार्थ्याला पदवी कोणाची. संचालकाने दोन्हीकडच्या अधिष्ठात्यांना उत्तरदायी असावे. एकाच विभागाच्या अखत्यारीत गेलेले केंद्र काही वर्षांत त्या विभागाची प्रयोगशाळा होऊन बसते.

कामाचा क्रम जुन्या केंद्रांच्या अनुभवातून निघतो. आधी एक आजार आणि एक ओपीडी निवडावी. तिथे महिना-दोन महिने नुसते बसून नोंद प्रत्यक्षात कशी होते ते पाहावे. मग निवासी डॉक्टर आणि परिचारिका यांच्या कामात भर न पडता ते हलके होईल असा नोंदीचा तक्ता त्यांच्याबरोबर बसून करावा. शब्द आणि संकेत त्याच वेळी ठरवावेत, कारण नंतर ते बदलणे फार महाग पडते. नैतिक समिती आणि माहिती समिती पहिली नोंद होण्याआधी नेमलेली असावी. नोंद वर्षभर सुरळीत चालली की तिच्यावरचा पहिला प्रश्न विचारावा, त्याचे उत्तर त्याच ओपीडीला सांगावे आणि त्यामुळे तिथे काही बदलले का ते मोजावे. अभ्यासक्रम या कामाभोवती वाढवावा. मोठी यंत्रखरेदी सर्वांत शेवटी यावी; तोवर काय विकत घ्यायचे हे कळलेले असते. रेगेनस्ट्रीफ संस्थेच्या नोंदीची सुरुवात ३५ रुग्णांनी झाली होती, आणि जिल्हा रुग्णालयाच्या मधुमेहाच्या ओपीडीत तेवढे रुग्ण एका सकाळी रांगेत उभे असतात.